घरचा वाफा आणि बाजाराचा वाफा

— एक ऊस उत्पादक सभासद



आपल्या बातमीपत्रात उसाच्या लागणीपासून गाळपापर्यंत सर्व विषयांवर नेहमी लिहून येते. या वेळी थोडे माळव्याविषयी लिहीत आहे. आपण सारे ऊस सभासद खरे, पण विहिरीच्या कडेला दहा-वीस गुंठे वांगी, टोमॅटो, कोबी, मिरची कुणाकडे नाही? उसाचे बिल यायला वर्ष-दीड वर्ष लागते. तोवर आठवड्याचा बाजार, पोरांची फी आणि दवाखाना हे माळवेच भागवते. तेव्हा हा विषय परका नव्हे.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. संध्याकाळची वेळ होती. शेजारच्या वहिनींकडे अचानक पाव्हणे आले, म्हणून त्या वांगी न्यायला आमच्या रानात आल्या. समोरच्याच सरीत हात घालणार, एवढ्यात आमच्या मंडळी ओरडल्या, "अहो ताई, त्यातली नका घेऊ! कालच औषध मारलंय. ह्या कडंच्या वाफ्यातली घ्या, ही आमच्या घरची हायती."

वहिनी घरच्या वाफ्यातली वांगी घेऊन गेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटे औषध मारलेली वांगी मी क्रेटमध्ये भरली आणि बाजाराला घेऊन गेलो. दर बरा मिळाला. रात्री जेवताना आई म्हणाली, "शेजारणीला द्यायची न्हाईत, मग बाजारात नेलेली ती वांगी कोण खातं रं?"

मला उत्तर सुचले नाही. वाचकहो, हा घरचा वाफा पुष्कळांच्या रानात आहे. तो कुणी बोलून दाखवत नाही, एवढेच.

पंप पाठीवर घेणारा माणूस

भाजीपाला करणारा शेतकरी सेंद्रिय पद्धतीकडे का वळतो, असे सभेत विचारले तर ‘पर्यावरणासाठी’, ‘ग्राहकांच्या आरोग्यासाठी’ अशी उत्तरे मिळतात. ती खोटी नव्हेत. पण बांधावर बसून विचारले, तर बहुधा एखाद्या फवाऱ्याची गोष्ट ऐकायला मिळते. माझ्याकडेही ती आहे.

त्याच वर्षीच्या पावसाळ्यात धाकटा भाऊ वांग्यावर फवारत होता. दोन औषधे एकत्र कालवलेली, अंगात नुसता बनियन, तोंडाला काही नाही आणि वारा समोरून. आठ-नऊ पंप झाल्यावर तो बांधावर येऊन बसला. दरदरून घाम सुटलेला, तोंडातून लाळ गळते आहे, डोळ्यांना नीट दिसत नाही. तसाच उचलून दवाखान्यात नेला. डॉक्टरांनी पहिला प्रश्न केला, "औषध कोणतं? बाटली आणलीय का?" बाटल्या आम्ही पाटाच्या कडेला फेकून दिलेल्या. पुतण्या मोटारसायकलने परत जाऊन शोधून घेऊन आला, तोवर आमच्या जिवात जीव नव्हता. भाऊ तीन दिवसांनी घरी आला. देवाची कृपा म्हणायची.

सगळ्यांच्याच वाट्याला ती येत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले. पीक कपाशीचे होते, पण पंप तोच, वारा तोच आणि माणूसही आपल्यासारखाच. बाजारात वांगी खाणाऱ्याच्या पोटात औषधाचा अंश जाईल तो जाईल, पण पहिला आणि मोठा घोट फवारणाऱ्याच्याच अंगात जातो. घरातल्या माणसाच्या अंगावर एकदा हे आले, की बाईमाणूस पुन्हा पंपाला हात लावू देत नाही. पुष्कळ रानांत बदल सुरू झाला तो इथून.

उसाला जमते ते वांग्याला का जमत नाही?

आपण ऊसवाले एक गोष्ट लक्षात घेत नाही. उसाला औषध घातले, तर ते घातल्यापासून तोड होईपर्यंत बहुधा महिने जातात. वांगी, भेंडी, टोमॅटो, काकडी यांचे तसे नसते. तोडा चालू झाला की दर तीन-चार दिवसांनी माल निघतो. औषधाच्या लेबलावर मात्र ‘फवारणीनंतर इतके दिवस काढणी करू नये’ असे छापलेले असते. हे दिवस कुठल्या औषधाला तीन, कुठल्याला सात, कुठल्याला त्याहून जास्त. आता सात दिवस थांबायचे म्हटले तर वांगी जून होऊन जातात, भेंडी काठीसारखी होते. न थांबावे तर विष बाजारात जाते. हा हिशेब कुठल्याही बाजूने मांडला तरी बसत नाही. म्हणून तोडा चालू झाल्यावर तरी कडक औषध नको, असे माळवेवाल्याला आपोआपच वाटू लागते.

कायदाही हळूहळू आवळत आला आहे. भाजीपाल्यावर मोनोक्रोटोफॉस वापरायला २००५ साली मनाई झाली. २०११ साली सर्वोच्च न्यायालयाने एंडोसल्फानवर बंदी आणली. हुमणीसाठी आपण वर्षानुवर्षे ज्याचे दाणे मुठीने टाकले ते फोरेट, तसेच डायक्लोरव्हॉस आणि ट्रायझोफॉस, ३१ डिसेंबर २०२० पासून बंद झाले. काल ज्यावाचून शेती होणार नाही असे आपण म्हणत होतो, त्यांतली कितीतरी औषधे आज दुकानातून गेली. तरीही वांगी पिकतातच.

औषध लागू पडेनासे होते

दुसरे कारण किडीनेच शिकवलेले आहे. कोबीवरची चौकोनी ठिपक्यांच्या पतंगाची अळी घ्या. पानाची चाळण करणारी ही अळी औषध पचवण्यात जगात पुढे आहे. १९५३ सालीच जावा बेटावर तिने डीडीटीला दाद दिली नव्हती. त्यानंतर जे जे औषध निघाले ते काही वर्षे चालले आणि मग पाण्यासारखे झाले. फवाऱ्यात शंभरातल्या नव्वद अळ्या मरतात, उरलेल्या दहा चिवट असतात, आणि पुढची पैदास त्या दहांचीच होते. कोबीवर हिच्या पिढ्याही भराभर होतात. मग आपण मात्रा वाढवतो, दोनाची तीन औषधे एकत्र करतो, आणि चिवट अळी आणखी निवडून काढतो.

वांग्याची शेंडे व फळ पोखरणारी अळी आणखी हुशार. अंड्यातून निघाली की थोड्याच वेळात ती शेंड्यात किंवा फळात शिरते. आत बसलेल्या अळीला बाहेरचा फवारा काय करणार? मरतात ते वर फिरणारे कोळी, ढालकिडे आणि अळीच्या अंगात अंडी घालणाऱ्या बारीक गांधीलमाश्या. म्हणजे चोर घरात आणि मार बाहेरच्या राखणदाराला!

हे पटायला अवघड जात असेल, तर लोकरी मावा आठवा. २००२ साली सांगली जिल्ह्यात हा मावा प्रथम दिसला आणि बघता बघता पश्चिम महाराष्ट्रातले उसाचे फड पांढरे झाले. डोक्यावर गेलेल्या उसात फवारा कसा मारायचा? काहींनी मारला, आणि माव्याबरोबर त्याला खाणारे किडेही मेले. शेवटी कामाला आले ते डिफा आणि मायक्रोमस हे मित्रकिडे. ज्या फडात ते दिसले तिथली पाने तोडून दुसऱ्या फडात नेऊन बांधली गेली. कुणी प्लॅस्टिकच्या पिशवीतून ‘किडे आणायला’ गेले, तेव्हा लोक हसले होते. पुढे हसणारेही रांगेत उभे राहिले. खोडकिडीसाठी ट्रायकोग्रामाची कार्डे लावणे तर आपल्याला नवीन नाही. म्हणजे मित्रकिड्याची शेती ऊसवाल्याने डोळ्यांनी पाहिलेली आहे. माळवेवाला तेच दर हंगामात, लहान रानात करू पाहतो आहे.

दुकानदाराची वही

तिसरे कारण उधारीचे. माळव्याच्या खर्चात बी-रोप एकदाच, खत दोन-चारदा, पण औषध दर आठवड्याला. रोख पैसे नसतात, मग दुकानातून वहीवर माल येतो. वहीवर आणणाऱ्याला ‘हे नको, ते द्या’ म्हणता येत नाही. दुकानदार देईल ते मारायचे. हंगाम संपला की पट्टीचा पैसा वही भागवण्यात जातो. माझ्या वांग्याच्या एका हंगामात मी बावीस फवारे मोजले. त्या वर्षी ‘वांगी चांगली झाली’ असे गावभर झाले, आणि घरात उरले काय, तर रिकाम्या बाटल्या.

या वहीतून अख्खे गाव बाहेर आल्याचे उदाहरण शेजारच्या राज्यात आहे. तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या आणि आताच्या तेलंगणातल्या खम्मम भागात पुनुकुला नावाचे गाव आहे. कापूस आणि मिरची ही तिथली पिके. औषधाचा दुकानदारच सावकार आणि तोच माल घेणारा, अशी तिथली रीत. कर्ज, विषबाधा आणि आत्महत्या यांनी गाव पिचले होते. १९९९-२००० च्या सुमारास एका स्वयंसेवी संस्थेच्या मदतीने काही शेतकऱ्यांनी रासायनिक औषध थांबवून पाहिले. निंबोळी, कामगंध सापळे, सापळा पिके, मिरची-लसणाचा अर्क असे साधेच उपाय. पीक हातचे गेले नाही आणि खर्च मात्र निम्म्याहून उतरला, हे शेजाऱ्यांनी पाहिले. बायकांच्या बचत गटांनी विषय लावून धरला आणि चार-पाच वर्षांत साऱ्या गावाने रासायनिक औषध बंद केले. तिथल्या सरकारनेही पुढे महिला गटांमार्फत हेच काम राज्यभर नेले. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की त्यांनी एकदम सगळे सोडले नव्हते. आधी औषध सोडले, खताचा विचार मागाहून केला.

प्रत्यक्ष करतात काय?

‘औषध बंद’ म्हणजे हातावर हात ठेवून बसणे नव्हे. उलट काम वाढते. थोडक्यात सांगतो.

वांगी : सुकून मान टाकलेले शेंडे आणि किडकी फळे आठवड्यातून एकदा तोडून जाळायची किंवा खोल पुरायची. बांधावर टाकली तर अळी तिथेच कोष करून परत येते. जोडीला कामगंध सापळे लावायचे. बांगलादेशातल्या जेसोर भागात वांग्यावर फवाऱ्याचा कहर झाला होता. तिथे आंतरराष्ट्रीय भाजीपाला संशोधन केंद्राने २००० नंतर हेच दोन उपाय शेतकऱ्यांच्या रानात करून दाखवले, आणि फवारा आवरल्यावर मित्रकिडे परत आले.

कोबी : दर २५ ओळींमागे दोन ओळी मोहरीच्या. पहिली ओळ कोबी लावण्याच्या १५ दिवस आधी पेरायची, दुसरी लावणीनंतर २५ दिवसांनी. पतंग मोहरीवर जातो, बंदोबस्त तिथेच करता येतो.

टोमॅटो : दर १६ ओळींमागे एक ओळ झेंडूची. रोप टोमॅटोपेक्षा वयाने मोठे हवे, म्हणजे दोन्हींना फूल एकाच वेळी येते. फळ पोखरणारी अळी अंडी घालायला झेंडू पसंत करते, आणि दसऱ्याला झेंडूचे पैसे होतात ते वेगळेच. कोबी आणि टोमॅटोच्या या दोन्ही शिफारशी बेंगळुरूच्या भारतीय उद्यानविद्या संशोधन संस्थेच्या आहेत.

निंबोळी अर्क : ५ किलो वाळलेली निंबोळी कुटून १० लिटर पाण्यात रात्रभर भिजत ठेवावी. सकाळी फडक्याने गाळून त्यात २०० ग्रॅम साबणचुरा विरघळवावा आणि एकूण १०० लिटर पाणी करावे. हा झाला ५ टक्के अर्क. त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर फवारावा. लिंबोळ्या पावसाळ्याच्या तोंडाला फुकट सांडलेल्या असतात. पोरांना लावून दोन पोती गोळा केली तर वर्ष निघते.

एवढे करूनही कीड आवरली नाही, तर लेबल वाचून कमी विषारी औषध एकदा मारणारे आणि त्यानंतर सांगितलेले दिवस थांबणारे शेतकरीही आहेत. मी त्यांतलाच. मला कुणी ‘सेंद्रिय शेतकरी’ म्हणू नये. बाविसाचे चार फवारे झाले आणि तोडा चालू झाल्यावर कडक औषध बंद झाले, एवढाच माझा हिशेब आहे.

अडचणीही सांगितल्या पाहिजेत

बातमीपत्रात नुसते गोड लिहून उपयोग नाही. पहिली एक-दोन वर्षे माल घटतो. माझा घटला. शेंडे खुडायला माणसे लागतात, आणि माणसे मिळत नाहीत. डागी वांग्याला आडत्याकडे दर पडतो, ते विषारी नाही म्हणून कुणी रुपया जास्त देत नाही. शेजाऱ्याच्या पंपाचे तुषार आपल्या रानात येतात. सेंद्रिय म्हणून विकायचे तर प्रमाणपत्र हवे, आणि त्याआधी दोन-तीन वर्षे रान तसे राखावे लागते. एकट्याला तो खर्च झेपत नाही. किमान पाच शेतकऱ्यांनी गट करून एकमेकांच्या रानाची तपासणी करायची, अशी सहभागी हमी पद्धत सरकारने आणली आहे. ती स्वस्त पडते, पण गटात एकमेकांवर विश्वास लागतो. सहकारात वाढलेल्या आपल्या लोकांना ते जड जाऊ नये.

घाई किती अंगाशी येते हे श्रीलंकेने दाखवले. २०२१ साली तिथल्या सरकारने रासायनिक खताच्या आयातीवर एकाएकी बंदी घातली. तयारी नव्हती, पुरेसे सेंद्रिय खत नव्हते. भात आणि चहा दोन्ही घटले, शेतकरी रस्त्यावर आला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस बंदी मागे घ्यावी लागली.

दुसरे बेट क्यूबाचे, म्हणजे आपल्यासारखेच साखरेवर जगलेले. १९९१ साली सोव्हिएत संघ मोडला, तेव्हा तिथे खत, औषध, डिझेल सगळेच आटले. लोकांनी शहरातल्या मोकळ्या जागांत वाफे बांधून भाजी पिकवायला सुरुवात केली. औषधाऐवजी मित्रकिडे आणि बुरशी पैदा करणारी केंद्रे त्यांनी गावोगावी चालवली. वाफ्यांत जे खत घातले, त्यात साखर कारखान्यांचे प्रेसमडही होते. तिथली सारी शेती काही सुधारली नाही. पुढे साखर कारखाने निम्म्याने बंद झाले, आणि आजही त्यांना पुष्कळ धान्य बाहेरून आणावे लागते. पण भाजी रासायनिक औषधावाचून पिकते, हे त्यांनी गरजेपोटी का होईना, करून दाखवले.

आपल्या हाती काय आहे?

भाजीच्या शेतकऱ्याला सर्वांत जास्त अडते ते खताशी. शेणखत आता कुठे आहे? दावणीला जनावर राहिले नाही. इथे ऊस सभासद भाग्यवान आहे. १०० टन ऊस गाळला, की साधारण ३ ते ४ टन प्रेसमड निघते. ताजे घालू नये, गरम पडते. पण नीट कुजवून कंपोस्ट केले तर माळव्याच्या वाफ्याला त्यासारखे दुसरे खत नाही. दुसरे म्हणजे पाचट. एकरी तीन-चार टन पाचट आपल्याच रानात पडते आणि पुष्कळ जण अजूनही काडी लावून मोकळे होतात. खोडव्यात ते सरीत दाबा, आणि थोडे माळव्याच्या ओळींत अंथरा. ओल टिकते, तण कमी होते, भांगलणीचा एक फेरा वाचतो.

सुरुवात दहा गुंठ्यांनी करावी. सगळे रान एकदम लावणीला काढू नये. फवाऱ्याची आणि खर्चाची वही स्वतः ठेवावी, म्हणजे दुकानदाराच्या वहीशी ताळा करता येतो. पंप हातात घेताना पूर्ण बाह्यांचा सदरा, हातमोजे, तोंडाला फडके आणि वारा पाठीमागे एवढे तरी पाळावेच. आणि औषधाची बाटली पाटात फेकू नये. वेळ आली तर डॉक्टर तीच मागतात.

आमच्या रानात घरचा वाफा आता वेगळा राहिलेला नाही. तो मुद्दाम मोडला असेही नाही. दोन हंगामांपूर्वी रोपे लावताना लक्षात आले, की वेगळा लावायचे कारणच उरले नाही. शेजारच्या वहिनी अजून येतात. परवा त्यांनी सरीच्या तोंडाशी उभे राहून सवयीने विचारले, "कंच्या वाफ्यातली घेऊ?" आई बांधावर बसली होती. ती म्हणाली, "घे की कुठलीबी."

ज्या सभासदांनी असे काही करून पाहिले असेल, जमले असो वा फसले असो, त्यांनी आपला अनुभव गट ऑफिसमध्ये जरूर लिहून द्यावा. फसलेलाही द्यावा. पुढच्याला लागलेली ठेच मागच्याच्या उपयोगी पडते.